सत्तेवाचूनची वास्तू : काशीतील मराठी घाट-मंदिरांचे वाचन

नगरातील प्रेक्षणीय वास्तूंची यादी वरकरणी निव्वळ माहितीपर वाटते. तिच्यामागे मात्र एक गृहीत असते : वास्तू म्हणजे नगराने स्वतःविषयी केलेले विधान. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील नगरसभागृह हे या गृहीताचे नेमके उदाहरण म्हणता येईल. राग्नार ओस्टबर्ग या वास्तुशिल्प्याने आखलेली ही लाल विटांची इमारत १९११ ते १९२३ या काळात पाण्याच्या काठावर उभी राहिली. तिच्यात व्हेनिसच्या वास्तुपरंपरेचे पडसाद स्पष्ट आहेत. परंतु मनोऱ्यावरील तीन मुकुट हे स्वीडनचे राजचिन्ह आहे, आणि जमीन, आश्रयदाता व नगर ही तिन्ही एकाच समाजाची आहेत. बाहेरून घेतलेली शैली घरच्या विधानात सामावली आहे. वास्तूच्या कर्त्याचा आणि नगराचा येथे अभेद आहे.

काशीच्या बाबतीत हा अभेद टिकत नाही. गंगेच्या डाव्या तीरावर सुमारे साडेसहा किलोमीटर पसरलेल्या घाटांच्या रांगेत दशाश्वमेध, अहिल्याबाई, मुन्शी, मणिकर्णिका, शिंदे, भोसले, गणेश, ब्रह्मा आणि दुर्गा या घाटांचा संबंध मराठी आश्रयदात्यांशी आहे. विश्वनाथाचे आजचे मंदिर इंदूरच्या होळकर घराण्यातील अहिल्याबाईंनी १७८० मध्ये पूर्ण करविले. काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केलेले इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९३७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात आधुनिक बनारस ही बहुतांशी मराठ्यांची निर्मिती असल्याचा निष्कर्ष काढला. मोतीचंद्र यांच्या ‘काशी का इतिहास’ (१९६२) या हिंदी ग्रंथाने मराठे आणि काशी यांच्या संबंधांची तपशीलवार मांडणी करून त्यास पुष्टी दिली. इतिहास म्हणून हा निष्कर्ष भक्कम आहे. मात्र मराठी लेखनात तो वारंवार उद्धृत होतो तो अभिमानाचे वाक्य म्हणून, आणि या अभिमानामुळे ‘निर्मिती’ या शब्दाची चिकित्सा मागे पडते. एका भाषिक समाजाने दुसऱ्या भाषिक समाजाच्या नगरात जे बांधले, ते कोणाचे विधान मानायचे? तौलनिक साहित्याभ्यासाला भाषांतर, स्वीकार आणि कर्तृत्व या संकल्पनांच्या आधारे या प्रश्नाकडे वळता येते.

या प्रश्नाचा पहिला धागा राजकीय आहे. अठराव्या शतकात मराठ्यांची काशीवर सत्ता कधीच नव्हती. नगर अवधच्या नवाबांच्या अधिकारात होते आणि प्रत्यक्ष कारभार बळवंतसिंह व त्यांच्यानंतर चेतसिंह या राजांकडे होता. १७७५ च्या तहाने हा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. काशी आणि प्रयाग ही क्षेत्रे आपल्या ताब्यात यावीत ही पेशव्यांची आकांक्षा होती. ती पुरी झाली नाही. पेशव्यांच्या आश्रयाने झालेले मणिकर्णिका व दशाश्वमेध येथील बांधकाम, नारायण दीक्षित पाटणकर यांच्या पुढाकाराने ब्रह्मा घाट व दुर्गा घाट परिसरात झालेली कामे, आणि शेवटी अहिल्याबाईंचे विश्वनाथ मंदिर या साऱ्याच गोष्टी दुसऱ्याच्या राज्यात घडल्या. जेथे किल्ला बांधता येत नाही, तेथे घाट बांधता येतो. घाट कोणाच्याही सार्वभौमत्वाला आव्हान देत नाही. तो कोणालाही अडवीत नाही, उलट सर्वांना उतरू देतो. आणि तरीही बांधणाऱ्याचे नाव शतकानुशतके उच्चारले जाईल अशी सोय करून ठेवतो.

अहिल्याबाईंच्याच दोन नदीकाठांची तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. नर्मदेवरील महेश्वर ही त्यांची राजधानी. तेथे घाटाच्या पायऱ्या चढून गेल्यावर थेट किल्ल्याची तटबंदी समोर येते; तीर्थ आणि सत्ता एकाच चौकटीत दिसतात. काशीत त्याच आश्रयदात्रीने बांधविलेल्या वास्तूंत तटबंदी नाही. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आदेशाने पूर्वीचे मंदिर पाडले गेल्यानंतर शतकाहून अधिक काळाने उभे राहिलेले विश्वनाथाचे मंदिर मूळ जागेवर नसून तिच्या शेजारी, दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये, जेमतेम मिळालेल्या जागेत बांधले गेले. त्याचे शिखर सुमारे १५ मीटर उंचीचे आहे. पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी दिलेल्या सोन्याने पुढे ते मढविले गेले. महेश्वर हे स्वभाषेतील लेखन मानले, तर काशी हे परभाषेत केलेले लेखन होय. शब्दसंग्रह, व्याकरण आणि जागेची मर्यादा या तिन्ही बाबतींत ते यजमान भाषेच्या अटी पाळते.

दुसरा धागा द्रव्याचा आणि रूपाचा आहे. महाराष्ट्रातील नदीकाठची वास्तू काळ्या पाषाणात घडलेली आहे. वाईचा कृष्णाकाठ किंवा मेणवलीचा नाना फडणविसांचा घाट पाहिला, तर कमी रुंदीच्या नदीला शोभेल अशी बेताची उतरण, घाटालगतचे मंदिर आणि मागे वाडा ही रचना लक्षात येते. काशीत काळा पाषाण नाही. येथील घाट आणि महाल चुनारच्या वालुकाश्मात बांधले आहेत. चुनार गंगेच्याच काठी, काशीच्या वरच्या अंगाला आहे. पावसाळ्यात गंगेची पातळी कित्येक मीटर चढते. म्हणून पायऱ्यांची संख्या वाढते, प्रवाहात शिरणारे भक्कम बुरूज येतात, आणि महालांच्या दर्शनी भिंती खालच्या भागात जवळजवळ बंद राहून झरोखे उंचावर उघडतात. नागपूरच्या भोसल्यांच्या घाटावरील उंच भिंत आणि तिच्या माथ्याजवळच्या लहान खिडक्या हे याचे बोलके उदाहरण आहे. नागपूर दरबारातील श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाचा घाट आणि त्यावरील महालही याच व्याकरणात बसतो. या महालाचा मोठा भाग विसाव्या शतकात दरभंग्याच्या राजघराण्याकडे गेला, आणि नावही वाटले गेले. वास्तू पाहून तिचा पहिला कर्ता मराठी होता हे कोणालाही ओळखता येणार नाही. पंचगंगा घाटावरील दगडी दीपमाळ मात्र अपवाद म्हणता येईल. परंपरा तिचा संबंध अहिल्याबाईंशी जोडते. मराठी देवळासमोरचा हा परिचित आकार येथे भाषांतरात तसाच राहिलेल्या मूळ शब्दासारखा उभा आहे. आणि कार्तिकी पौर्णिमेला साऱ्या काशीने तो आपला मानला आहे.

भाषांतर कधी फसते याचेही उदाहरण याच काठावर आहे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८२८ मध्ये ज्ञानवापीच्या विहिरीभोवती स्तंभमंडप बांधविला आणि १८३० च्या सुमारास मणिकर्णिकेच्या उत्तरेस भव्य घाट उभारला. त्या बांधकामाचा भार काठाच्या जमिनीला पेलला नाही. घाट खचला, आणि विसाव्या शतकात त्याची पुनर्बांधणी झाली. याच बायजाबाईंच्या मथुरेतील यज्ञाची वार्ता ऐकून विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाले. त्यांनी १८८३ मध्ये लिहिलेला आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘माझा प्रवास’ मराठी गद्यात अढळ आहे. एकाच दानशीलतेतून एकीकडे खचलेला घाट आणि दुसरीकडे टिकलेले गद्य निष्पन्न झाले, हा योगायोग वास्तू आणि संहिता यांच्या आयुर्मानाविषयीची रूढ समजूत उलटी करणारा आहे.

तिसरा धागा संहितांचा आहे, आणि तो दगडी घाटांच्याही आधीचा आहे. सोळाव्या शतकात पैठणशी नाते असलेल्या दोन विद्वानांनी काशीत दोन ग्रंथांना रूप दिले. पैठणहून आलेल्या रामेश्वर भट्टांचे पुत्र नारायण भट्ट (जन्म १५१३) यांनी संस्कृतात ‘त्रिस्थलीसेतु’ रचला. प्रयाग, काशी आणि गया यांच्या यात्रेचा तो प्रमाणग्रंथ ठरला. १५८५ च्या सुमारास तोडरमलाच्या साहाय्याने विश्वनाथ मंदिराची उभारणी झाली, तिचे श्रेय परंपरा याच नारायण भट्टांना देते. तथापि मंदिर उभारणाऱ्या या पंडिताचाच शास्त्रनिर्णय असा आहे की परकीय सत्तेमुळे लिंग जागेवर नसले, तरी यात्रेकरूने त्या स्थानाचे पूजन करावे. वास्तूहून स्थान श्रेष्ठ, असा याचा आशय. पैठणच्याच एकनाथांनी आपल्या भागवतटीकेला १५७३ मध्ये काशीत पूर्णता दिली, ती मराठीत. काशीच्या पंडितांनी प्रथम विरोध करून नंतर ग्रंथाचा गौरव केला, ही कथा परंपरेने जपली आहे. एकनाथांनी यजमान नगराची मान्यता मिळविली, पण भाषा बदलली नाही. दोन शतकांनंतर आलेल्या बांधकामकर्त्यांनी भाषा बदलली आणि मान्यता मिळविली. ‘काशीतील मराठी’ ही एकसंध कोटी नाही, हे या दोन मार्गांच्या भेदातून दिसते.

प्रश्न उरतो तो वाचकाचा. काशीच्या वास्तूंचे वाचन निदान तीन प्रकारे झालेले दिसते. स्कंदपुराणातील काशीखंड तीर्थांची गणना यात्रेच्या क्रमाने करते. त्यात आकार, शैली, आश्रयदाता यांना स्थान नाही, पावलांच्या क्रमाला आहे. बनारसच्या टांकसाळीत १८२० ते १८३० या काळात अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेपने आपल्या चित्रसंग्रहात (१८३०–१८३४) घाटांना नदीकडून पाहिले. भोसले घाटासारखी स्थळे ‘दृश्य’ झाली ती तेथे. पायांनी वाचण्याची संहिता डोळ्यांनी वाचण्याची झाली. तिसरे वाचन राष्ट्रवादी काळातील इतिहासलेखनाचे : त्याने वास्तूंना कर्ते दिले. आळतेकरांचे विधान या तिसऱ्या वाचनाचे फळ होय. त्याचे महत्त्व मोठे आहे, कारण त्यामुळे विस्मृत आश्रयदाते कागदोपत्री परत आले. त्याची मर्यादा ही की कर्ता सापडला म्हणजे अर्थ सापडला, असे ते मानते. नाटोरच्या राणी भवानींचे दुर्गामंदिर, आमेरच्या मानसिंहाचा महाल, ललिता घाटावरील नेपाळी मंदिर आणि विश्वनाथाच्या शिखरावरील पंजाबचे सोने यांच्या शेजारी ठेवून मराठी घाट वाचले, तर काशी हे कोणा एकाचे काव्य न राहता अनेक भाषांतरकारांनी एकाच मूळ संहितेवर केलेल्या कामाचा संग्रह ठरते. ती मूळ संहिता म्हणजे स्थान; नारायण भट्टांचा निर्णय येथे वास्तुसमीक्षेचेही सूत्र बनतो.

हा विचार केवळ तात्त्विक नाही. १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले. सुमारे ३०० मालमत्ता संपादित करून, मंदिराभोवतीची वस्ती हटवून सुमारे ५ लाख चौरस फुटांचा परिसर मोकळा झाला आणि गंगाकाठापासून मंदिरापर्यंत थेट मार्ग निघाला. यात्रेकरूंची सोय वाढली, घरांच्या भिंतींआड गेलेली काही जुनी मंदिरे उघडी झाली, आणि परिसरात अहिल्याबाईंचा पुतळा बसविण्यात आला. परंतु १७८० चे मंदिर गल्लीतून, वळणानंतर अकस्मात भेटण्यासाठी बांधलेले होते. त्याला दर्शनी बाजू अशी नव्हती. सत्ता नसलेल्या नगरात संकोचून उभी राहिलेली वास्तू आता राजमार्गाच्या टोकाशी आली. कर्त्रीचे नाव पुतळ्याने ठळक केले आणि तिच्या कृतीचा संदर्भ मात्र पुसला, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये. गौरव आणि आकलन यांत अंतर पडू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

दगडाच्या संदर्भात आढळणारे हे विसर्जन भाषेच्या संदर्भातही तपासता येते. वाराणसीत १८८३ मध्ये जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर मराठी कुटुंबातले. ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी वृत्तपत्रीय गद्याला वळण दिले. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर यांनी ‘देशेर कथा’ (१९०४) हे गाजलेले पुस्तक बंगालीत लिहिले, आणि पराडकरांनी ते हिंदीत आणले. मराठी घरात जन्मलेला एक लेखक बंगालीत लिहितो, दुसरा ते हिंदीत नेतो, आणि मराठी साहित्येतिहासात दोघांना अल्पशी जागा मिळते. चुनारच्या दगडात बांधलेल्या घाटांची स्थितीही हीच आहे : यजमान भाषेने ते आत्मसात केले, म्हणून स्वभाषेच्या इतिहासात त्यांची नोंद केवळ अभिमानाचा तपशील म्हणून होते.

मराठी संस्कृतीच्या परप्रांतीय आविष्कारांचा अभ्यास आजवर प्रामुख्याने ‘आपले तेथे काय आहे’ या प्रश्नाभोवती फिरला. काशीच्या घाटांसंबंधी अधिक फलदायी प्रश्न वेगळा आहे : तेथे पोहोचल्यावर आपल्या रूपाने कोणकोणत्या गोष्टी सोडून दिल्या, आणि त्या सोडल्यामुळेच ते टिकले काय? मराठी वास्तुकारांनी काळा पाषाण सोडला, तटबंदी सोडली, राजचिन्ह सोडले. राहिल्या त्या पायऱ्या आणि नावे. पायऱ्यांवरून रोज उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांना मराठी येत नाही. भोसले आणि अहिल्याबाई ही नावे मात्र नावाड्यांपासून पुरोहितांपर्यंत सर्वांच्या तोंडी घाटांची नावे म्हणून रुळली आहेत. एका भाषेतील कुलनाम दुसऱ्या भाषेत स्थलनाम होऊन बसावे, याहून पूर्ण असा स्वीकार तौलनिक अभ्यासाला दाखविता येणे कठीण.