सुखाचा शोध आणि ‘स्मृतिचित्रें’

ख्रिस्ताच्या ठायीं मनुष्यास अक्षय सुख लाभतें, असें मराठींत सांगणाऱ्यांची कधींच वाण नव्हती. मिशनच्या छापखान्यांतून असा उपदेश करणाऱ्या पुस्तिका ढिगांनीं बाहेर पडल्या. आज त्या कोणी उघडूनहि पाहत नाहीं. आमच्या मतें या विषयावरील मराठींतला खरा ग्रंथ एकच, आणि तो उपदेशाचा नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ आम्ही म्हणतों. १९३४ पासून तीं भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. त्यांतील विनोदाचें व निर्व्याज भाषेचें कौतुक पुष्कळ झालें. परंतु त्या विनोदाच्या तळाशीं कोणता प्रश्न आहे, याकडे रसिकांचें लक्ष बेताचेंच गेलें.

नागपूर जिल्ह्यांत, कुहीसारख्या गांवीं राहणाऱ्या आम्हांस या ग्रंथांतील नागपूरचें प्रकरण विशेष जवळचें वाटतें. अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानें नारायण वामन टिळक तेथें संस्कृत ग्रंथांचें काम करीत. ‘ऋषि’ नांवाचें मासिकहि त्यांनीं चालविलें. विद्या होती, कवित्व होतें, चहातेहि होते. स्वस्थता तेवढी नव्हती. १८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस बायबल दिलें, आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकीतहि केलें. टिळकांच्या मनाची पकड घेतली ती डोंगरावरील प्रवचनानें. त्या प्रवचनांत सुखी मनुष्याचें वर्णन नाहीं. दीन, शोकाकुल, छळ सोसणारे, अशांस तेथें ‘धन्य’ म्हटलें आहे. सुखी आणि धन्य यांत केवढें अंतर! सुखी मनुष्याच्या दारावरून दुःख गेलेलें असतें. धन्य मनुष्याच्या घरांत तें येऊन बसलेलें असतें. तुकोबांच्या वाचकास हें अंतर समजावून द्यावें लागत नाहीं, आणि तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों असें टिळक स्वतः सांगत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या अभंगांत पुढें जो आनंद भरून वाहतो, त्याचा उगम या दिवसाशीं आहे. पण त्याच दिवशीं लक्ष्मीबाईंच्या पायांखालची जमीन गेली. पदरीं लहान मुलगा, माथ्यावर लोकापवाद, आणि राहणें पंढरपुरास बहिणीच्या घरीं. पति जिवंत असून वैधव्यासारखे दिवस. तेव्हां आम्ही विचारतों, ज्या शांतीची किंमत दुसऱ्यानें भरली, ती खरी शांति म्हणावी काय? टिळकांच्या काव्यास हा प्रश्न फारसा शिवत नाहीं. ‘अभंगांजलि’ वाचतांना आनंद कधीं कधीं फार लवकर हातीं आल्यासारखा वाटतो. ‘स्मृतिचित्रें’ मात्र हा प्रश्न टाळीत नाहींत. लक्ष्मीबाई पतीस दोषीहि ठरवीत नाहींत आणि देव्हाऱ्यावरहि बसवीत नाहींत. त्यांचा राग, त्यांचा विसराळूपणा, हातांतला पैसा वाटेंतच देऊन टाकण्याची त्यांची खोड, सारें जसेंच्या तसें.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा पालट पाहण्यासारखा आहे. त्यांच्या वडिलांचें सोंवळें पराकाष्ठेचें; बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत येत नसे. पतीकडे परत आल्यावरहि लक्ष्मीबाईंची चूल वेगळीच होती. मग एका रात्रीं विचार करतां करतां जातिभेद देवानें नव्हे, माणसानें केले, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि त्यांनीं दुसऱ्याच्या हातचें पाणी प्यालें. कोणतेंहि दिव्य दर्शन नाहीं, अश्रूंचा पूर नाहीं. बाप्तिस्मा १९०० सालचा, या पाण्याच्या नंतरचा. धर्मांतराची इतकी साधी हकीकत आम्ही दुसरी वाचलेली नाहीं. आमचे कांहीं मित्र म्हणतील, हा तर केवळ सुधारकी विचार. यांत ख्रिस्ती असें काय आहे? त्यांनीं पुढचीं नगरचीं प्रकरणें वाचावीं. अनाथ मुलें घरांत येतात, तींहि घरचींच होतात. बालकवि ठोमरे येतात. त्यांचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाई आईच्या मायेनें काढतात. पैसा नसतोच. आणि तरी या घराइतकें हसतें घर मराठी गद्यांत क्वचितच सांपडेल. सोंवळ्यांत ज्या हातांनीं सर्वांस दूर ठेवलें, तेच हात आतां सर्वांस वाढीत आहेत. सुखाची व्याख्या ग्रंथांत कोठेंच नाहीं, असेल तर ती या पंगतींत आहे.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनचें वेतन सोडून संन्यास घेतला, तेव्हां घराची घडी पुन्हां विसकटली. लक्ष्मीबाई कुरकुरल्या, आणि तें त्यांनीं लिहूनहि ठेवलें. ९ मे १९१९ रोजीं टिळक गेले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ जेमतेम साडेदहा अध्यायांवर थांबलें होतें. शाळेंत न गेलेल्या या बाईनें तें पुढें नेलें.