सुबक आणि नामनिर्देशित

जीवशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा : ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा.’ जास्वंदीच्या उभ्या छेदाला मी एकदा मन लावून छटा दिल्या, तर बाईंनी एक गुण कापला. ‘शेडिंग करायचं नाही. ही चित्रकलेची वही आहे का?’ त्याच दिवशी चित्रकलेच्या सरांना ती आकृती दाखवली, तर ते म्हणाले, ‘यात उजेड कुठून येतोय?’ दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्या दोघांच्या मधोमध जी कला राहून गेली, तिला आपल्याकडे अजून हक्काचं घर नाही. विज्ञानवाल्यांना ती मजकुराची सोय वाटते, कलावाल्यांना नुसती नक्कल.

नक्कल म्हणणाऱ्यांनी एकदा जास्वंद काढून बघावी. कुंपणावरच्या झाडाला आकृतीतल्यासारखं एकही फूल लागत नाही. एकाची पाकळी किडीनं खाल्लेली, दुसऱ्याची दुमडलेली, तिसऱ्यावर पराग सांडलेले. चित्रकार अशी दहा फुलं समोर घेतो आणि दहांमध्ये जे सारखं आहे तेवढंच कागदावर ठेवतो. पाच पाकळ्या, मधून निघालेली पुंकेसरांची नळी, तिच्या पोटातून थेट अंडाशयापर्यंत उतरणारं कुक्षीवृंत आणि टोकाला पाच मखमली गोंडे. बाहेरून दिसणारं आणि ब्लेडनं कापल्यावर दिसणारं, दोन्ही एकाच नजरेत. असं फूल कुणी कधी पाहिलेलंच नसतं. काय गाळायचं हे ठरवण्यात जी बुद्धी लागते, ती अमूर्त चित्रकाराच्या बुद्धीपेक्षा उणी कशी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

विज्ञानाच्या बाजूनं तर अशा चित्राचं वजन थक्क करणारं आहे. मलबारातला डच कंपनीचा अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याचा ‘होर्टुस मलबारिकुस’ हा ग्रंथ अ‍ॅमस्टरडॅमहून 1678 ते 1693 या काळात बारा खंडांत निघाला. सातशेहून अधिक चित्रं. मजकुरामागे इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचं ज्ञान होतं, तसंच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांचंही. त्यामुळे चित्रांवर झाडांची नावं रोमन, मल्याळम आणि अरबीबरोबर नागरीतही कोरलेली दिसतात. पुढे लिनियसनं या चित्रांवरून कितीतरी जातींना नावं दिली. सुकवलेले नमुने मागे उरले नव्हते. म्हणून आजही त्यातल्या अनेक नावांचा अधिकृत पुरावा, वनस्पतीशास्त्रज्ञ ज्याला ‘टाइप’ म्हणतात तो, म्हणजे ते छापील चित्रच. झाडाविषयी वाद झाला तर साक्षीला चित्र उभं राहतं.

प्रत्येक भागाला बाण काढून नाव देणाऱ्या या कलेत बाणाच्या मागचा हात मात्र बहुतेक वेळा बिननावाचा राहिला. पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेचं उदाहरण आपल्या घरचं. डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिथला अधीक्षक. 1840च्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यानं एका चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. हेन्री नॉल्टी यांनी 2002 मध्ये त्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं, पण चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता यापलीकडे त्याची ओळख लागलेली नाही. दक्षिणेत रॉबर्ट वाइटचे चित्रकार रंगैया आणि गोविंदू जरा नशीबवान. त्यांची नावं तरी टिकली. वाइटनं एका ऑर्किडच्या प्रजातीला ‘गोविंदूइया’ असं नाव दिलं. पण पुढे ती प्रजाती ‘ट्रोपिडिया’त विलीन झाली आणि गोविंदू रद्द नावांच्या रांगेत जाऊन बसला.

अलीकडे वारं फिरलं आहे. कलकत्त्यात इम्पे दांपत्यासाठी पक्षी रंगवणारे शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास 2019 मध्ये लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधल्या प्रदर्शनात नावानिशी झळकले. उशिरा का होईना, झालं हे चांगलंच. माझी कुरकूर वेगळी आहे. ही चित्रं दालनात गेली की आपण मुघल घराण्याची बारीक रेघ, मोकळ्या पांढऱ्या कागदाची शोभा, एवढंच बोलतो. पक्षी कुठला, पिसांची मांडणी बरोबर आहे का, हे विचारणं गावंढळ ठरतं. बाजारानं तर कहरच केला : जुने ग्रंथ उसवायचे आणि एकेक पान चौकटीत घालून विकायचं. हॉटेलच्या भिंतीवर पान सुंदर दिसतं, पण त्याचं वर्णन भलत्याच गावी गेलेलं असतं. सुबक उरलं, नामनिर्देशित गेलं.

फोटोनं ही कला संपवली, असंही सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. कार्ल डिसिल्वा 2015 मध्ये गेले. ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याच्या 1998च्या पक्षीग्रंथासाठी ज्यांनी चित्रं काढली, त्यांच्यातले ते एक. अशा पुस्तकात पर्णवटवट्यांचं पान उघडा. सगळे एकाच दिशेला तोंड करून, एकाच उजेडात, जणू हजेरीला उभे. त्यामुळेच एकाच्या पंखावरची फिकट पट्टी आणि दुसऱ्याच्या भुवईची लांबी डोळ्यात भरते. आता हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी पाणवठ्यावर जा. हजारो रुपयांच्या लेन्सनं टिपलेला वटवट्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर असतो, डोळ्यातली चमकसुद्धा स्पष्ट. मग पिशवीतून पुस्तक निघतं, चार डोकी त्या पानावर वाकतात आणि कुणीतरी विचारतं, ‘पाय कुठल्या रंगाचे होते?’ पाय पानाआड गेलेले असतात.