समोरच्याचं घर

‘संत तुकाराम’ एवढा मोठा चित्रपट कशामुळे झाला, असं विचारलं की बहुतेक जण विष्णुपंत पागनीसांचं नाव घेतात. पागनीस तल्लीन आहेत, त्यात वादच नाही. पण दामले-फत्तेलाल यांचा ‘प्रभात’चा हा १९३६ सालचा चित्रपट माझ्या मते तोलून धरलाय तो गौरीच्या जिजाईनं. घरात दाणा नाही, पोर आजारी आणि नवरा विठ्ठलात दंग. मग ती वहाण हातात घेऊन, पोराला ओढत, तडक देवळात शिरते. जाब विचारायचा तो थेट पांडुरंगालाच!

संतपटाच्या ठरीव साच्यात ही बाई कजाग, भक्तीच्या आड येणारी झाली असती. इथे तिच्या प्रत्येक शिवीमागे चूल दिसते, पोरांची तोंडं दिसतात. तुकोबा खरे आहेत आणि तीही खरीच आहे. चमत्कार झाले म्हणून तिचं म्हणणं खोटं पडत नाही. शेवटी विमान येतं तेव्हा सगळं थिएटर वर बघत असेल. मला मात्र खाली राहिलेल्या तिच्याकडे बघावंसं वाटतं. (तुकोबांचा हेवा करणाऱ्या सालोमालोला हे भाग्य लाभलेलं नाही. तो फक्त दुष्टच आहे आणि म्हणूनच आज हास्यास्पद वाटतो.)

चित्रपट पारखायचा माझा एक निकष इथूनच आला: नायकाच्या विरुद्ध उभ्या असलेल्या माणसाला दिग्दर्शकानं घर दिलंय का?

‘संत तुकाराम’चा गौरव १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात झाला. २०१४ मध्ये त्याच व्हेनिसमध्ये चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला पुरस्कार मिळाले. गटार साफ करणाऱ्या वासुदेव पवारचा मृत्यू होतो. त्यानं लोकशाहीर नारायण कांबळेंचं गाणं ऐकून आत्महत्या केली, असा ठपका ठेवून म्हाताऱ्या शाहिरावर खटला भरला जातो. सरकारी वकील नूतन रटाळ सुरात कलमं वाचून दाखवते. तिचा राग यावा अशीच ती जागा.

आणि कॅमेरा तिच्या मागोमाग लोकलमध्ये चढतो. शेजारणीशी साडीच्या गप्पा, नवऱ्याचं पथ्य, मुलाला घेऊन घरी येणं, पदर खोचून स्वयंपाक. खारघरला आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लावून आम्ही हा चित्रपट पाहिला, तेव्हा बेलापूर-वाशीला रोज हार्बरनं जाणाऱ्या बायका या प्रसंगात खुदकन हसल्या. एक काकू म्हणाल्या, “अगं, ही तर आपल्यातलीच!” ताम्हाणेचा डाव नेमका हाच. गीतांजली कुलकर्णीनं ती बाई इतकी ओळखीची केली आहे की तिच्यावर नुसतं रागावून सुटका होत नाही. घरी मायेनं वाढणारी हीच बाई उद्या एका माणसाला आत टाकायला सांगणार आहे, तेही कसलाच द्वेष न बाळगता. काम उरकायचं म्हणून!

तरी त्या चित्रपटातली सर्वात मोठी जागा मी वासुदेवच्या बायकोच्या साक्षीला देईन. गटारात उतरण्याआधी नवरा काय करायचा, तर आतून झुरळ बाहेर येतंय का ते बघायचा. आलं तर हवा ठीक. ती हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. ना रडणं, ना पार्श्वसंगीत. कॅमेरा हलत नाही, जवळही जात नाही. दुसऱ्या कुणी इथे बासरी वाजवली असती. ताम्हाणेनं कोर्टाचा कंटाळा तसाच राहू दिला आणि त्या कंटाळ्यात ते वाक्य पडलं. म्हणून ते जास्त लागतं.

सुट्टी लागते, कोर्टातले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. आमच्याकडे दोघं-तिघं चपला शोधू लागले. “बसा, अजून आहे,” असं सांगावं लागलं. मग न्यायाधीश सदावर्ते रिसॉर्टवर दिसतात, बाकावर डुलक्या घेताना. पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाला थोबाडीत देतात आणि पुन्हा पेंगू लागतात. म्हणजे घर दिलं की माणूस गोडच दिसतो, असंही नाही.

अलीकडचे बरेचसे ऐतिहासिक मराठी चित्रपट या निकषावर पार ढेपाळतात. शत्रूच्या डोळ्यांत सुरमा आणि घशात गडगडाटी हसू एवढंच भांडवल. असल्या शत्रूला हरवण्यात महाराजांचा पराक्रम तो काय उरतो?

सोसायटीतल्या एका मित्राचा यावर बिनतोड सवाल: “मग तुमच्या हिशेबानं ‘फँड्री’ नापासच की. डुक्कर धरणाऱ्या जब्याला हसणाऱ्या गावकऱ्यांना नागराज मंजुळेनं कुठे घर दिलंय?” नाही दिलं, खरं आहे. ते नुसते बघे आहेत, मजा लुटणारे. पण जब्याचा शेवटचा दगड पडद्यातून सरळ आपल्या अंगावर येतो, म्हणजे त्या बघ्यांच्या रांगेत आपल्यालाही बसवलेलं असतं. त्यांची घरं मुद्दाम दाखवायची गरज मंजुळेला पडली नाही, असं मी म्हणालो. मित्राला ही पळवाट वाटली. पुढच्या खेळाला ‘फँड्री’च लावायचा, एवढ्यावर मात्र आमचं एकमत झालं.