धुराडे, चिमणी आणि ‘स्वीपर’ : एका व्यवसायनामाचे भाषांतर

व्यवसायवाचक शब्दांचे भाषांतर ही केवळ कोशाची बाब मानली जाते. परंतु असा शब्द एका समाजातून दुसऱ्या समाजात जातो, तेव्हा त्यामागची श्रमव्यवस्था मागे राहते आणि नवी व्यवस्था त्याला येऊन चिकटते. विल्यम ब्लेकच्या ‘द चिमनी स्वीपर’ या एकाच शीर्षकाच्या दोन कविता (१७८९ व १७९४) मराठीत आणताना याचा प्रत्यय येतो.

पहिली अडचण वस्तूचीच आहे. आपल्या चुलीचा धूर कौलांतून वा छपरातील धुराड्यातून बाहेर पडे. आत शिरून काजळी खरवडावी असा उभा, अरुंद, वळणावळणाचा मार्ग आपल्या घरात नव्हता. म्हणून तो व्यवसायही नव्हता आणि त्याचे नावही नाही. ‘चिमनी’ हा शब्द मराठीत आला तो दिव्याची काच, रॉकेलचा लहान दिवा आणि गिरणीचा धूर ओकणारा मनोरा या अर्थांनी. आणि येताच तो घरातल्या पाखराच्या नावात मिसळून गेला. लंडनमधील काही धूरमार्ग अवघे ९ इंच रुंद होते आणि त्यांत लहान मुलांना चढवले जाई, ही भीषणता ‘चिमणी’ या लडिवाळ शब्दात उरत नाही. तेथे ‘धुराडे’ हाच शब्द अधिक प्रामाणिक ठरतो.

दुसरी अडचण नादाची आहे. ब्लेकच्या पहिल्या कवितेतील मूल इतके लहानपणी विकले गेले आहे की, रस्त्यावरून आरोळी देताना त्याला ‘स्वीप’ म्हणता येत नाही. आरंभीचा ‘स’ गळतो आणि उरतो ‘वीप’, म्हणजे रडणे. मराठीत ‘झाडू’ आणि ‘रडू’ ही जोडी भाषांतरकाराला मोह पाडील. पण येथे जे सुटते ते महत्त्वाचे आहे. मूळात सत्य बोबडेपणातून, बोलणाऱ्याच्या नकळत प्रकट होते. मराठीत ते कवीने जुळवलेले यमक ठरते.

तिसरी अडचण सर्वांत मूलगामी आहे. भारतीय इंग्रजीत ‘स्वीपर’ हा शब्द व्यवसायापेक्षा जात सूचित करतो. ‘झाडूवाला’ हा शब्दही त्या सूचनेपासून मुक्त नाही. ब्लेकच्या मुलाला दारिद्र्याने काळे केले आहे. त्याच्या सोबत्याच्या स्वप्नात ती काजळी नदीत धुतली जाते. चार्ल्स लॅमच्या १८२२ मधील निबंधात तर सरदाराच्या शय्येवर झोपलेल्या अशा एका पोराच्या ठायी लेखकाला हरवलेल्या कुलीनतेची खूण दिसते. लॅमची सहानुभूती खरी आहे. १८२४ मध्ये या मुलांच्या बाजूने निघालेल्या संग्रहासाठी ब्लेकची कविता त्यानेच पाठवली होती. तरीही प्रतिष्ठा शोधताना तो जन्माकडे वळतो, श्रमाकडे नाही. भारतीय वाचकाला हा तपशील निरागस वाटणे कठीण आहे.

जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १९३६ मधील प्रतिपादन येथे भाषांतराचा निकष ठरू शकते. इंग्रजीत ‘स्वीप’ हा एकच शब्द कृतीचा आणि कर्त्याचाही वाचक आहे. मराठीत मात्र ‘झाडणे’ हे क्रियापद प्रत्येक घराचे आहे, तर ‘झाडूवाला’ हे नाम माणसाला कामात कोंडते. म्हणून ‘धुराडी झाडणारे पोर’ ही लांबट रचनाच स्वीकारावी. तिच्यात काम दिसते, पण ते मुलाचे कुळ बनत नाही. श्लेष गमावण्याची किंमत त्यासाठी द्यावी.

मात्र भारतीय संदर्भ वाचनातून हद्दपार करावा, असा याचा अर्थ नाही. इंग्लंडमध्ये १७८८, १८३४, १८४० व १८६४ असे कायदे होऊनही मुले धुराड्यांत चढतच राहिली. १८७५ च्या कायद्याने परवाने पोलिसांच्या हाती दिले, तेव्हा ती प्रथा संपुष्टात येऊ लागली. आपल्याकडेही हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ नंतर २०१३ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. दोन्हीकडे कायद्यापेक्षा सवय चिवट ठरली. हे साम्य समीक्षेने जरूर दाखवावे. भाषांतराने मात्र ते ब्लेकच्या मुलावर लादू नये. साम्य दाखवणे आणि एका दुःखाचे नाव दुसऱ्या दुःखाला देणे, यांतील भेद सांभाळणे हे तौलनिक अभ्यासाचे पहिले दायित्व होय.