उसामाचे फिरंगी

'फिरंगी' म्हटलं की आपल्याला पोर्तुगीज आठवतात. पण हा शब्द फारसीतून आपल्यापर्यंत पोचला आणि त्याचं मूळ 'फ्रँक'मध्ये आहे. क्रूसेडच्या काळात पश्चिम युरोपातून चालून आलेल्यांना अरब 'इफ्रंज' म्हणत. या फिरंग्यांना जवळून पाहिलेल्या एका सीरियन सरदाराच्या आठवणी म्हणजे 'किताब अल-इतिबार'. इतिबार म्हणजे घडलेल्या गोष्टींतून धडा घेणं.

लेखक उसामा इब्न मुन्किझ. जन्म १०९५चा, शैझरच्या किल्ल्यातला. त्याच वर्षी पोप दुसऱ्या अर्बनने क्लेरमाँला पहिल्या क्रूसेडची हाक दिली. पुस्तक लिहिलं तेव्हा उसामा नव्वदीच्या घरात होता. स्पेनमधल्या एस्कोरियलच्या ग्रंथालयात १८८० साली त्याचं एकमेव हस्तलिखित सापडलं, तेही सुरुवातीची पानं गहाळ झालेलं.

या पुस्तकातले दोन किस्से नेहमी सांगितले जातात. पहिला जेरुसलेमचा. तिथले टेम्पलर योद्धे उसामाला नमाजासाठी जागा मोकळी करून देतात. युरोपातून नुकताच आलेला एक फिरंगी त्याचं तोंड जबरदस्तीने पूर्वेकडे वळवतो, तेव्हा टेम्पलर त्याला बाजूला काढून उसामाची माफी मागतात. दुसरा फिरंगी वैद्याचा. पायाला गळू झालेल्या योद्ध्यावर अरब ख्रिस्ती वैद्य पोटीस बांधून उपचार करत असतो. फिरंगी वैद्य येतो, कुऱ्हाड मागवून पाय तोडायला लावतो आणि रोगी जागीच मरतो. ज्याला 'बघा, किती सलोखा होता' म्हणायचं असतं तो पहिला किस्सा उचलतो. 'बघा, किती रानटी होते' म्हणणारा दुसरा.

दोघेही पुढचं पान वाचत नाहीत. कुऱ्हाडीच्या गोष्टीनंतर लगेच उसामा सांगतो, की एका फिरंगी अधिकाऱ्याच्या पायाची चिघळलेली जखम त्यांच्याच वैद्याने कडक व्हिनेगरने धुऊन बरी केली. हा अधिकारी मेला असता तर बरं, असं उसामाला मनापासून वाटत होतं. तरीही उपाय लागू पडला हे तो नोंदवतो. माझ्या मते पुस्तकाची खरी ताकद इथे आहे. उसामा फिरंग्यांना शिव्याशाप देतो आणि त्यांच्यातल्या काहींना मित्रही म्हणतो. या दोन गोष्टींचा मेळ घालण्याचा आटापिटा तो करत नाही.

हा तटस्थपणा त्याला स्वस्तात मिळालेला नाही. अभयपत्र असूनही राजा तिसऱ्या बाल्डविनच्या माणसांनी अक्क्याजवळ त्याच्या कुटुंबाचं जहाज लुटलं. माणसं वाचली, पण चार हजार ग्रंथ गेले. बाकीचं नुकसान त्याने सोसलं. ग्रंथांचं दुःख मात्र आयुष्यभर राहिलं.

अर्थात हे जग सरदारांचं आहे. शिकार, तलवारबाजी, मेजवान्या यांना भरपूर पानं मिळतात, शेतकरी ओझरते दिसतात. किस्सा रंगवून सांगायची अरबी गद्याची परंपराही उसामाच्या पाठीशी आहे, त्यामुळे कुऱ्हाडीची गोष्ट शब्दशः खरी मानण्याची घाई नको.

पॉल कॉब यांचं २००८चं इंग्रजी भाषांतर सुटसुटीत आहे. क्रूसेडवरचं तीस सेकंदांचं रील समोर आलं, तर त्यात कुऱ्हाड असेलच. व्हिनेगरचं काय झालं, ते शोधायला हे पुस्तक उघडावं.