सामना चालतो कुणाच्या यंत्रावर?

ऑनलाइन गेमची वर्गणी परवडते का, हा वाद नेहमी रकमेवरच अडतो. मला वाटतं, आधी हे बघा की गेम चालवतंय कोण.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' 2004 साली आला, तेव्हापासून अमेरिकेत महिन्याला 14.99 डॉलर. महाग? असेल. पण तुम्ही झोपलात तरी तिथलं जग कंपनीच्या सर्व्हरवर चालूच असतं. पैसे कशाचे, ते दिसतं.

आता निन्टेन्डो स्विच घ्या. 'स्प्लॅटून 2' जुलै 2017 मध्ये आला आणि वर्षभराहून जास्त काळ ऑनलाइन फुकट खेळता आला. सप्टेंबर 2018 पासून त्याच सामन्यांसाठी वर्षाला सुमारे 20 डॉलर. गंमत म्हणजे हे सामने 'पीअर-टू-पीअर' चालतात. कंपनीचे सर्व्हर खेळाडूंची गाठ घालून देतात. प्रत्यक्ष सामन्यात मात्र खेळाडूंची यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात. एकाचं वायफाय रडलं की बाकीच्यांचा खेळही अडखळतो. म्हणजे रस्ता आपला आणि टोल त्यांना! सोबत जुन्या गेमांची लायब्ररी मिळते, हे खरं. ती हवी असेल तर जरूर घ्या. नुसत्या सामन्यांसाठी मी तरी हे पैसे देणार नाही.