विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम आणि विद्यार्थ्यांचे सातत्य : एक चिकित्सा

प्रस्तावना :
विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमांमुळे उच्च शिक्षणाची दारे सर्वांना खुली झाली, असे मानले जाते. परंतु दार खुले असणे आणि विद्यार्थी अखेरपर्यंत टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या २०१२ मधील 'सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स' या अभ्यासक्रमास १,५४,७६३ जणांनी नोंदणी केली. प्रमाणपत्र ७,१५७ जणांस मिळाले. या गळतीच्या रूढ स्पष्टीकरणाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
गळतीचे खापर सामान्यतः विद्यार्थ्याच्या चिकाटीच्या अभावावर फोडले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. नोंदणीस मूल्य नसल्याने केवळ कुतूहलापोटी येणारेही अनेक असतात. त्यांना अपयशी ठरविणे न्याय्य नव्हे. शिवाय, किझिलसेक व सहकाऱ्यांनी सुमारे २५० अभ्यासक्रमांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांकडून अभ्यासाचे नियोजन आधीच लिहून घेतल्याने आरंभीच्या आठवड्यांत सहभाग वाढला. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण मात्र वाढले नाही. अर्थात, केवळ संकल्पाने सातत्य टिकत नाही.

शुल्क भरून प्रमाणपत्राची वाट धरणारे अधिक टिकतात, हे खरे. तथापि शुल्क भरणारा मुळातच अधिक निश्चयी असू शकतो. म्हणून शुल्कालाच कारण मानणे घाईचे ठरेल.

भारतातील 'एनपीटीईएल'ची रचना या दृष्टीने विचारणीय आहे. तेथे शिकणे विनामूल्य असून परीक्षेस शुल्क आहे. साप्ताहिक स्वाध्यायांस २५ टक्के व देखरेखीखालील परीक्षेस ७५ टक्के भारांश आहे. महाविद्यालयांतील स्थानिक केंद्रांत एका प्राध्यापकाकडे समन्वय असतो. ठरावीक मुदत, श्रेयांक आणि परिचित शिक्षकाची विचारपूस हे तीन धागे विद्यार्थ्यास बांधून ठेवू शकतात.

मात्र यात धोकाही आहे. २०२१ च्या विनियमांनुसार 'स्वयम्'द्वारे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळविण्यास मुभा देण्यात आली. श्रेयांक उपस्थिती टिकवतो. जिज्ञासा टिकवेलच असे नाही. महाविद्यालयाने केवळ नोंदणी करून घेतली, तर प्राध्यापक नोंदणी-कारकून होतो आणि अपयशाचा दोष एकट्या विद्यार्थ्यावर येतो.

समारोप :
बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण दुहेरी असते. वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका राखून मराठीतून शंकानिरसन झाल्यास ती बरीच हलकी होईल. अभ्यासक्रम विनामूल्य असला तरी विद्यार्थ्याला त्यात टिकवून ठेवण्यासाठी शिक्षकाला वेळ द्यावाच लागतो. तो वेळ त्याच्या कार्यभारात धरला जाणे अगत्याचे आहे.